नळाला पाण्याऐवजी सूत येतं तेव्हा

प्रश्न

(पत्र सोलापूरच्या पूर्व भागातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देत आहे.)

मी ४७ वर्षांची आहे. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आणि यंदा बारावीला गेलेली मुलगी आहे. मुलगा पुण्यात नोकरी करतो.

दोन महिने झाले, मला एकच स्वप्न सारखं पडतंय. रात्रीचं पाणी आलंय म्हणून मी नळाला पाईप लावते, तर पाण्याऐवजी सूत येतं. पांढरं, ओलं. हंडे भरतात, पिंप भरतं, न्हाणी भरते, मग सूत स्वयंपाकघरात येतं. मी ओढत राहते, ते तुटत नाही. कुणाला तरी हाक मारावी म्हणते, पण आवाज फुटत नाही. ओट्यापाशी माझे सासरे बसलेले असतात. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते काही बोलत नाहीत, नुसत्या सुताच्या कांड्या मोजत असतात. मग मला जाग येते तेव्हा साडेतीन-चार वाजलेले असतात. पुन्हा झोप लागत नाही.

शेजारच्या अक्का म्हणतात, सूत म्हणजे आयुष्याची दोरी, सासरे कुणाला तरी न्यायला आलेत, पहाटेचं स्वप्न खरं होतं. त्यांच्या ओळखीचे एक जण २१,००० रुपयांत शांती करून देतात. मी गंठण गहाण ठेवायचा विचार करतेय. शांती करावी का? हे स्वप्न खरं होईल का? मला वेड तर लागत नाही ना?

बाकी सगळं ठीक आहे. मुलाची नोकरी मधे तीन महिने गेली होती, तेव्हा मी बायकांच्या ग्रुपमधून ४०,००० चं कर्ज काढून त्याला पाठवलं. आठवड्याला ८७० हप्ता आहे, अजून २६ आठवडे राहिलेत. आता त्याला नोकरी लागलीय. यांना यातलं काही माहीत नाही.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही तुमच्यासारखीच त्या सुतात अडकले. न्हाणीतून स्वयंपाकघरात सरकत येणारं ओलं सूत डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. मूळ पत्र सात पानांचं आहे. त्यातली जवळजवळ सहा पानं स्वप्नाची आणि अक्कांच्या बोलण्याची. मुलाची नोकरी, कर्ज, हप्ता आणि ‘यांना माहीत नाही’, हे सगळं मिळून चार-पाच ओळींत उरकलंय, आणि त्याच्या आधी तुम्ही लिहिलंय, ‘बाकी सगळं ठीक आहे.’ मला त्या ओळीवर यायचं आहे. पण तुम्ही जे विचारलंय ते आधी.

तुम्हाला वेड लागत नाहीये. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडणं, त्यात गेलेलं माणूस दिसणं, ओरडावंसं वाटून आवाज न फुटणं, हे चांगल्या धडधाकट माणसांना होतं. आवाज न फुटण्याचं कारण तर अगदी शरीरातलं आहे. आपण ठसठशीत स्वप्न पाहत असतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणात करू लागलो असतो. म्हणून स्वप्नात पळावं तर पाय उचलत नाहीत आणि हाक मारावी तर घसा साथ देत नाही. सासऱ्यांनी तुमची वाचा धरलेली नाही.

आता पहाटेचं. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ हे मीही आजीकडून ऐकत मोठी झाले, आणि ते कशावरून आलं असेल याचा पुढे शोध घेतला. झोप रात्रभर एकसारखी नसते. ती साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा असतो की मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो. पहाटेकडे तो वाढत जाऊन अर्ध्या तासाच्या वर जातो. म्हणजे पहाटे स्वप्नं पडतात जास्त आणि पडतात मोठी. त्यातच जाग आली तर ती लक्षात राहतात, नाही आली तर विरून जातात. लक्षात राहिलेलं आपल्याला महत्त्वाचं वाटतं. पहाटेच्या स्वप्नाचा मान तिथून आला असावा, असं माझं मत आहे.

मग तुम्हाला साडेतीन-चारलाच जाग का येते? हे कोडं उलगडायला मला स्वप्नाच्या अर्थाची गरज पडली नाही, तुमच्या पत्राचं दुसरं पान पुरलं. तिथं तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, वेळ ठरलेली नसते, कधी रात्री दीडला येतं, कधी चारला, आणि ‘माझा एक कान कायम नळाकडे असतो’. ताई, सोलापूरकर बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून गावात येतं आणि शेवटचे चार हात ते बाईच्या झोपेतून येतं. चावीवाला येऊन गेला का, पाईपमधून हवा सुटल्याचा सूं आवाज आला का, हे झोपेतही ऐकत राहणारी बाई पूर्ण झोपलेली नसते. ज्या रात्री पाणी यायचं नसतं, त्या रात्रीही तो कान मिटत नाही. स्वप्नांचा टप्पा भरात असतानाच तुमची झोप मोडते आणि स्वप्न जसंच्या तसं हातात राहतं.

त्यात हे दिवस. तुमचं घर पत्र्याचं आहे. त्या बुबुळं हलण्याच्या टप्प्यात शरीराला स्वतःचं तापमान सांभाळणं नीट जमत नाही. मे महिन्यात दिवसा ४३-४४ अंश तापलेला पत्रा रात्री दोनपर्यंत आग ओकत असतो, मग झोप तिथंच तुटणार. आणखी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाहीत म्हणून मीच विचारते. तुमचं वय ४७ आहे. पाळी मागेपुढे होतेय का? रात्री अचानक अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घाम फुटतो का? पाळी जाण्याच्या आगेमागे पुष्कळ बायकांची झोप अशी मधूनच फुटते, आणि आपण त्याचं खापर कधी उन्हाळ्यावर, कधी नशिबावर फोडतो. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं कारण आहे, सोसण्यासारखं नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही सांगा. त्यातल्या काही गोळ्यांनी स्वप्नं भडक पडतात. गोळी मनाने बंद करू नका, फक्त विचारा.

तुम्ही म्हणाल, हे झालं जाग येण्याचं, पण सूतच का? सासरेच का?

आपल्याकडे म्हणतात, मनी वसे ते स्वप्नी दिसे. ते खरं आहे, पण अर्धंच. मनात असतं ते स्वप्नात सरळ दिसत नाही, दुसऱ्याच कशाच्या तरी अंगावरून येतं. अक्कांनी जुन्या शास्त्राचा दाखला दिलाय, म्हणून मीही जुनाच देते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांनी पडणारं. यातल्या पहिल्या पाचांना काही फळ नसतं, असं तिथंच म्हटलंय. काही स्वप्नांना फळ असतं असंही तोच ग्रंथ मानतो, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण तुमचं स्वप्न कुठल्या खणात बसतं ते तुम्हीच बघा. सूत तुम्ही लग्न होऊन आल्यापासून पाहताय, पहिली दहा वर्षं सासऱ्यांच्या शेजारी बसून कांड्या भरल्यात. नळ रोजचा. पिंप, हंडे, न्हाणी घरचीच. ‘आयुष्याची दोरी’ तुम्ही अक्कांकडून ऐकलीत, तीही स्वप्न पडायला लागल्यानंतर. त्यात बाहेरून आलेलं काहीच नाही.

मी स्वप्नांचा अर्थ सांगणारी नाही, आणि सूत म्हणजे अमुक, नळ म्हणजे तमुक असं कोष्टक कुणी हातात दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघते. चौथ्या पानावर तुम्ही सासऱ्यांची आठवण लिहिली आहे. त्यांचं कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा त्यांनी पंधरा दिवस घरात सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायचे, कंबर तलावाच्या काठी बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला परत यायचे. तुम्हाला ते तेव्हा कळलं होतं, कारण डब्यातली भाकरी तशीच परत यायची. आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही.

आता सातवं पान. मुलाची नोकरी गेली, त्यानं ते वडिलांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही.

ताई, सासरे कुणाला न्यायला येतात असं मला वाटत नाही. कामाचं गुपित पोटात घेऊन बसलेलं तुमच्या ओळखीचं पहिलं माणूस ते होते. तुमच्यावर तीच वेळ आली तेव्हा तुम्हाला ते आठवले. माझं चुकतही असेल. मनाशी ताडून बघा, पटलं नाही तर सोडून द्या. पण मागाजवळ आयुष्य गेलेल्या बाईला मी हे सांगायला नको की धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचा. तुमच्या स्वप्नातली धास्ती हीच आहे की सूत तुटतच नाही, म्हणून तुम्हाला थांबताच येत नाही.

तर आधी थांबायची सोय करू. तुम्ही धरून चाललाय की रात्री नळाला जागायचं ते बाईनेच. हे कुणी ठरवलं? घरात बसून ठरवलं होतं का कधी? मिस्टरांची रात्रपाळी असते तो आठवडा सोडा, पण दिवसपाळीच्या आठवड्यात ते रात्री घरी असतात. बारा तास मागावर उभं राहून माणूस दमतो, त्याची झोप मोडू नये असं तुम्हाला वाटतं, ते मी समजू शकते. पण तुम्हीही आठ-नऊ तास मशीनवर बसता, वर स्वयंपाक आहे. चार-पाच दिवसांतून एका रात्रीचा तासभर त्यांनी पाहिला तर ते अन्यायाचं नाही. सासूबाईंना पिंप उचलता येणार नाही, पण म्हातारपणाची झोप सावध असते. तुम्हीच लिहिलंय की त्या तीनपासून जाग्याच असतात. त्यांना सांगा, ‘आई, पाणी आलं की तुम्ही मला हाक मारा, तोवर मी झोपते.’ आयुष्यभर विड्या वळून घर चालवलेल्या बाईला कुणीतरी आपल्यावर काही सोपवलंय, याचा आनंदच होईल. लेकीला मात्र यंदा यात ओढू नका.

हे फक्त तुमच्यासाठी लिहीत नाही. तुमच्या गल्लीत दहा घरं असतील तर त्या रात्री दहा बायका कान लावून पडलेल्या असतात. दहा जणींनी एकेक पाळी वाटून घेतली तर प्रत्येकीचा नंबर महिना-दीड महिन्याने येईल. जिची पाळी तिनं जागायचं आणि पाणी आलं की सगळ्यांच्या कड्या वाजवायच्या किंवा मोबाइलवर रिंग द्यायची. काही गल्ल्यांत हे चालतं, मी पाहिलंय. पहिली दोन वेळा कुणी विसरतं, भांडणं होतात, मग बसतं. आणि अक्का या कामाला उत्तम आहेत. तुमची इतकी काळजी करणाऱ्या बाईकडे हे काम द्या.

आता ती चार-पाच ओळींची गोष्ट.

कर्ज काढलंत ते लेकरासाठी, आणि फेडताय वेळेवर. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते लपवण्याचं ओझं हप्त्यापेक्षा जड झालंय, असं मला पत्रावरून वाटतं. ग्रुपची मीटिंग मंगळवारी असते आणि सोमवारी रात्री तुम्ही जागीच असता, हे तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली, काही न बोलता उरलेले २६ हप्ते, म्हणजे २२,६२० रुपये, फेडून टाकायचे आणि विषय संपवायचा. ही वाट तुम्हाला सोपी वाटते, म्हणून तर तुम्ही आजवर तीच धरलीत. पण त्याला सहा महिने लागतील. या सहा महिन्यांत एखादा हप्ता चुकला, ग्रुपमधली कुणी घरी आली आणि दारात मिस्टर असले, तर त्यांना कर्जाचा राग येईलच, पण आपल्याला परक्याकडून कळलं याचा जास्त येईल. दुसरी वाट, तुम्ही एकटीनं सांगायचं. ते धाडसाचं आहे, पण मला अन्यायाचं वाटतं, कारण गुपित मुळात तुमचं नाही.

मी तिसरी वाट धरीन. हे मुलानं सांगायचं. तो २३ वर्षांचा आहे, कमावता आहे. नोकरी त्याची गेली होती, पैसे त्यानं घेतले. त्याला फोन करा. रडून नाही, चिडून नाही, सरळ सांगा: ‘बाबांपासून लपवून मला झोप येत नाही. तू हुतात्मा एक्सप्रेसनं ये, बाबांची सुट्टी बघून ये, आणि तू सांग. मी शेजारी बसते.’ येताना त्यानं दोन गोष्टी ठरवून याव्यात: उरलेले हप्ते तो भरणार का आणि महिन्याच्या कुठल्या तारखेला पाठवणार. पुण्यातल्या खोलीचं भाडं, मेसचे पैसे, सगळं जाऊन त्याच्या हातात फार उरत नसेल, हे मला दिसतं. मग पूर्ण नाही तर आठवड्याला पाचशे. पण ठरलेले.

वडील रागावतील. रागावू द्या. त्यांच्या वडिलांनी डबा घेऊन तलावाकाठी काढलेले पंधरा दिवस त्यांना आजही माहीत नसतील तर तेही एखाद्या दिवशी सांगा, पण त्याच दिवशी नको. मात्र एक गोष्ट मी पत्रात शोधली आणि मला सापडली नाही: त्यांचा राग हातावर जातो का? जात असेल तर यातलं काहीही एकटीनं करू नका. मुलगा आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस समोर असल्याशिवाय विषय काढू नका, आणि गरज पडली तर महिलांसाठीचा १८१ हा नंबर लक्षात ठेवा.

कर्जाबाबत काही हक्काच्या गोष्टी, ज्या ग्रुपमध्ये सहसा कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जांत सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कुणी येऊ शकत नाही. दमदाटी, शिवीगाळ, शेजाऱ्यांपुढे अपमान, यातलं काही चालत नाही. तुमच्या कर्जाचं कार्ड काढून व्याजाचा दर आणि उरलेली रक्कम एकदा मुलीकडून वाचून घ्या. आणि जुना हप्ता फेडायला नवं कर्ज, हे मात्र कधीही करू नका. तुमच्यासारख्या कितीतरी जणी तिथंच फसतात.

म्हणूनच शांतीसाठी गंठण गहाण ठेवायला माझा ठाम नकार आहे. तुमची श्रद्धा मी मोडणार नाही. सासऱ्यांची आठवण येतेय तर त्यांच्या नावानं घरात गोडधोड करा, त्यांना आवडायची ती शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ताटात वाढा, पितृपक्षात त्यांची तिथी न चुकता करा. सिद्धेश्वराला जा. पण सोने गहाण टाकून, भीतीपोटी, ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशा माणसाकडून काही करून घेऊ नका. भीती आधी घालायची आणि मग तिच्यावरचा उपाय विकायचा, अशा व्यवहारापासून लांबच राहा. अक्कांना दुखवायची गरज नाही. त्यांना सांगा, ‘अक्का, मी सिद्धरामेश्वरांना साकडं घातलंय, आता दुसरं काही करणार नाही.’ त्या ऐकतील.

आणि खरंच जा, एखाद्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. देवळाला वेढून असलेलं ते तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन खोदलं असं आपण सोलापुरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. गावाला पाणी हवं म्हणून संतानं हातात कुदळ घेतली, आणि त्याच्याबरोबर गाव उतरलं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण मे महिन्यात काठावर तासभर बसता येतं. मुलीला घेऊन जा. मोबाइल पिशवीत ठेवा. तिथं बसून स्वप्न तिला सांगा, सगळंच्या सगळं. दोन महिन्यांत तुम्ही ते अक्का आणि मी सोडून कुणाला सांगितलेलं दिसत नाही.

स्वप्नासाठी एक उपाय आहे. सारख्या पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर मानसोपचारतज्ज्ञ तो वापरतात, आणि तुमच्यासारखं स्वप्न असेल तर घरीही करून बघता येतो. दिवसा, जागेपणी, स्वप्न आठवायचं आणि ते कुठंतरी बदलायचं. बदल तुम्हाला हवा तसा. तुम्ही नळ बंद करा. किंवा सूत तोडा, तुमच्या हाताला ते येतं. किंवा सुताचं टोक सासऱ्यांच्या हातात द्या आणि म्हणा, ‘मामंजी, तुम्ही धरा, मी कांडी भरते.’ बदललेलं स्वप्न दोन-चार ओळींत लिहा आणि रोज दुपारी दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून तेच पाहा. रात्री अंथरुणात नाही, दिवसाच. दोन-तीन आठवडे नेमानं करा. चरकसंहितेच्या त्याच अध्यायात असंही आहे की वाईट स्वप्नानंतर लगेच चांगलं स्वप्न पडलं तर फळ चांगलंच समजावं. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, स्वप्नावर स्वप्नाचाच उतारा असतो, ही समज आपल्याकडे किती जुनी आहे.

झोपेचं थोडं. संध्याकाळी सहानंतर चहा नको. रात्री साडेतीनला जाग आली तर मोबाइलमध्ये वेळ बघू नका, आणि अर्धा तास कूस बदलत पडण्यापेक्षा उठून पाणी प्या, ओल्या फडक्यानं मान आणि पाय पुसा, दारात पाच मिनिटं बसा. दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हा. गणवेशांची जून महिन्याची घाई आहे, मला माहीत आहे. तरी आडवं व्हा. पत्र्यावर पांढरा चुना मारून घेतला तर आतली धग थोडी कमी होते. खर्च फार नाही.

आणि हे सगळ्याच वाचकांसाठी. स्वप्नामुळे झोपायचीच भीती वाटू लागली, महिनाभर दिवसभर मन उदास राहिलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटलं, झोपेत कुणी हातपाय झाडू लागलं किंवा घोरता घोरता श्वास अडकून दचकून उठू लागलं, तर वाट बघू नका. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून दाखवता येतं. जायचं धाडस होत नसेल तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. साडेतीनला झोपमोड झाल्यावर बोलायला माणूस हवं असेल, तर तिथं असतं.

ताई, सगळं एकदम करायला घेऊ नका. या आठवड्यात दोनच गोष्टी: मुलाला फोन आणि सासूबाईंना ती विनंती. शांतीवाल्यांना आजच नाही सांगून टाका. आणि पाण्याच्या पुढच्या पाळीला घरात कोण उठलं, तेवढं मला पोस्टकार्डावर कळवा.